गोणी त्यांची, फरशी आमची : कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



उन्हाळ्यात आमच्या घरातला पंखा बंद असायचा. तुर्भे स्टोअरला दहा बाय बाराची खोली, डोक्यावर पत्रा, जवळच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्रंदिवस ट्रकचा आवाज. पंखा होता, वीजही होती. पण फरशीवर लसूण पसरलेला असला की पंखा लावायचा नाही, असा आईचा दंडक होता. टरफलं उडायची. पिठात पडायची, हंड्यातल्या पाण्यावर तरंगायची, झोपलेल्या धाकटीच्या पापण्यांवर जाऊन बसायची. सोललेल्या पाकळ्यांना ती चिकटलेली दिसली की माल न्यायला येणारा दादा पाटी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, ‘पुन्हा पाखडा.’ म्हणून भर मे महिन्यात आम्ही तिघी, आई, मी आणि धाकटी, परातीभोवती घामाने निथळत बसायचो.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. साल १९९६. त्याच वर्षी भायखळ्याचा भाजीबाजार वाशीला आला. कांदा, बटाटा आणि लसूण आधीपासूनच इथे होता. आमचे आबा साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून या बाजारात हमालीला आले, त्यांच्यामागून आई आली आणि मग आम्ही भावंडं इथेच वाढलो. नवी मुंबई म्हटलं की लोकांना रुंद रस्ते आणि सिडकोचे सेक्टर आठवतात. मला आठवतो मार्केटच्या भिंतीलगतचा वास. कांद्याची ओली टरफलं, गोणपाट, डिझेल आणि सडलेला कोबी, सगळं एकत्र.

हे पत्र लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. दर १२ जूनला बालकामगारविरोधी दिन येतो, भिंतींवर पोस्टरं लागतात आणि पोस्टरवर विटा वाहणारा किंवा चहाचे ग्लास धुणारा मुलगा असतो. आमच्यासारख्या मुली त्या चित्रात मला कधीच दिसल्या नाहीत, कारण आम्ही कुठे कामाला जातच नव्हतो. आम्ही शाळेतून घरी यायचो. काम घरात येऊन बसलेलं असायचं.

त्याची रीत सांगते, कारण मंत्रालयात ती ठाऊक असेलच असं नाही. लसणाची गोणी गाळ्यावरून निघते. मधला एक माणूस ती वस्तीत आणतो आणि दहा-दहा किलो घराघरांत वाटतो. आधी गड्डा फोडायचा. पाकळ्या थोडा वेळ पाण्यात ठेवल्या की साल सैल होते, पण ओला लसूण वजनाला जास्त भरतो, म्हणून दादाला तो चालायचा नाही. म्हणजे भिजवायचा, सोलायचा, पुन्हा फडक्यावर वाळवायचा. त्याला वेळ नसेल तेव्हा कोरडाच सोलायचा. कोरड्या लसणाने अंगठ्याच्या नखाखालची कातडी उचलली जाते. पहिल्या तासाला काही वाटत नाही. दुसऱ्या तासाला चुरचुरतं, तिसऱ्या तासाला आग होते आणि मग जेवताना भाजीतलं मीठसुद्धा बोटाला झोंबतं. आई रात्री आमच्या बोटांना खोबरेल लावायची आणि जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायची. सकाळी शाळेत जाताना ती चिंधी मी गल्लीच्या कोपऱ्यावर काढून टाकायचे. वास मात्र काढून टाकता यायचा नाही. साबणाने जात नाही, राखेने जात नाही.

दहा किलो दिले की साडेआठ किलो सोललेला परत द्यायचा, हा हिशेब. गड्ड्यात सडकी पाकळी निघाली तर ती घट आमच्या माथी. सोलण्याचा दर किलोला दोन रुपये. संध्याकाळी चारला बसलो की रात्री दहाला दहा किलो व्हायचे. आज मी एका कंपनीत पगारपत्रकं तयार करते, म्हणून हा हिशेब मला गप्प बसू देत नाही. तिघींचे सहा-सहा तास, म्हणजे अठरा तास, त्याचे वीस रुपये. हातांच्या एका जोडीला तासाला एक रुपया अकरा पैसे.

त्या वीस रुपयांतून दर खेपेला आई मला आणि धाकटीला आठ-आठ आणे द्यायची. तो आमचा खाऊचा पैसा. ‘तुमच्या हाताचं आहे, घ्या,’ म्हणायची. त्या आठ आण्यांबद्दल मी आज वाईट बोलणार नाही. त्यातून मी पेप्सीकोला घेतला, बोरकूट घेतलं, गणपतीच्या वर्गणीत स्वतःच्या नावाने एक रुपया लिहिला. आणि सायकल भाड्याने घेतली. तुर्भे नाक्याजवळच्या दुकानात लहान सायकल अर्ध्या तासाला एक रुपया होती. दुकानदार पाटीवर खडूने वेळ लिहायचा. दोन खेपांचा लसूण म्हणजे अर्धा तास सायकल.

पहिल्यांदा सायकल घेतली ती थेट मार्केटच्या गेटकडे नेली. आबांना दाखवायची होती. गेटवर नाशिकचे कांद्याचे ट्रक लागलेले, मध्य प्रदेशातून आलेले लसणाचे ट्रक लागलेले. आबा एका ट्रकच्या फाळक्यापाशी पाठ देऊन वाकले होते. वरच्या दोघांनी पाठीवर गोणी सोडली, तसे ते गुडघ्यातून किंचित खाली गेले आणि मग चालायला लागले. मी सायकल धरून उभी. ते गाळ्यात गोणी टाकून परत येताना थांबले, खांद्यावरच्या गोणपाटाने तोंड पुसलं, सायकलीकडे पाहिलं. पैसे कुठले, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लसणाचे. ते काही बोलले नाहीत. खाली बसून चेन चाचपली आणि म्हणाले, ‘चेन उतरली तर बोटं घालू नको, ढकलत ने.’ मग पुढच्या ट्रककडे गेले.

माझा मोठा भाऊही कमवत होता. त्याचं काम बाहेरचं. शाळा सुटली की कांदा-बटाटा मार्केटमध्ये ट्रकखाली, गाळ्यांच्या पायऱ्यांशी सांडलेले कांदे वेचायचे, सुतळीचे तुकडे गोळा करायचे, आणि संध्याकाळी रस्त्याकडेला फडक्यावर कांद्याचे वाटे मांडून विकायचे. आंब्याच्या दिवसांत फळबाजारातून फुटक्या पेट्यांच्या फळ्या आणि पेंढा आणायचा. फळ्या आमच्या चुलीला लागायच्या. त्याला ओरडा बसायचा, कधी कुणी हुसकून लावायचं, एकदा ट्रक मागे येताना तो थोडक्यात वाचला. तरी त्याच्या कमाईचे पैसे त्याच्या खिशात असायचे आणि ते त्याचेच समजले जायचे. आमच्या कमाईचं तसं नव्हतं. वीसातले एकोणीस रुपये पीठ-रॉकेलला जायचे, आणि ‘मुली आईला मदत करतात’ एवढीच त्याची नोंद व्हायची. मदत आणि मजुरी यांतला फरक मला फार लवकर कळला. मजुरीचे तास मोजतात.

साहेब, कायद्यानेही ‘मदत’ हाच शब्द उचलला आहे. १९८६ चा बालकामगार कायदा मी मोठी झाल्यावर वाचला. धोक्याच्या कामांची यादी त्यात होती, पण घरचा माणूस घरच्यांना हाताशी घेऊन काम करत असेल तर ती बंदी लागू नव्हती. २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना सगळ्या कामांवर बंदी आली, ही मोठीच गोष्ट झाली. पण शाळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला, कुटुंबाच्या व्यवसायाला हातभार लावण्याची मुभा राहिली. शेतकऱ्याच्या पोराने सुट्टीत बैल सोडावेत, कुंभाराच्या पोरीने पणत्या उन्हात मांडाव्यात, हे मला समजतं. त्याच्याशी माझं भांडण नाही.

पण लसूण आमच्या कुटुंबाचा व्यवसाय कधी होता? गोणी त्यांची, माल त्यांचा, दर त्यांचा, काटाही त्यांचाच. घट धरायची की सोडायची ते ठरवणारेही तेच. त्यात आमचं काय होतं? फरशी आमची होती आणि बंद पंखा आमचा होता. माल देणाऱ्याने जागेचं भाडं वाचवलं, विजेचं बिल वाचवलं, मुकादम वाचवला आणि मुलांना कामाला ठेवल्याचा ठपकाही वाचवला. आमच्या खोलीतल्या त्याच्या या कारखान्याला कायदा ‘कुटुंब’ म्हणतो. आजही कुणी निरीक्षक त्या वस्तीत गेला तर त्याला काय दिसेल? परातीभोवती बसलेली आई आणि तिच्या मुली. पकडायचं कुणाला? आईला?

कृपा करून आईला पकडू नका. मी हे पत्र तेवढ्यासाठीही लिहिते आहे. माझ्या आईने आमच्यावर अन्याय केला असं मला कधीही वाटलेलं नाही. आमची शाळा तिने एक दिवस बुडू दिली नाही. चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री ती एकटी बसून दहाच्या दहा किलो सोलायची आणि पहाटे तिची बोटं सुजलेली असायची. तिच्यावर खटला भरला असता तर लसूण शेजारच्या खोलीत गेला असता, आणि तिथल्या मुलीने तो सोलला असता. दुसरं काही झालं नसतं.

मी त्यातून कशी सुटले ते मात्र आपण ऐकून घ्यावं. माझ्या लहानपणी आबा ‘बदली’ होते. टोळीतला कुणी गावी गेला, आजारी पडला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. पोळ्याला, यात्रेला टोळी गावी गेली की आबांची चांदी, नाहीतर दुपारी बारालाच घरी. ते दुपारी घरी दिसले की मला पोटात कसंतरी व्हायचं, कारण त्या आठवड्यात लसणाच्या खेपा वाढायच्या. १९९९ साली त्यांचं नाव टोळीत लागलं, माथाडी मंडळाकडे नोंदणी झाली, बिल्ला मिळाला. तो बिल्ला आईने पहिल्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवला होता. त्यानंतर पगार मंडळातून यायला लागला, फंड कापला जायला लागला, औषधपाण्याची सोय झाली. आठवड्याच्या चार खेपांच्या दोन झाल्या, मग एक. मी नववीत गेले त्या जूनमध्ये आई म्हणाली, ‘आता तू बसू नको. तुझी दहावी येईल.’ बस, एवढंच म्हणाली.

म्हणजे मला लसणातून १९८६ च्या कायद्याने सोडवलं नाही. १९६९ च्या कायद्याने सोडवलं. त्यात मुलांसाठी म्हणून काही लिहिलेलं नाही. तो हमालांचा कायदा आहे.

त्या माथाडी कायद्याची गोष्ट आपल्याला मी काय सांगावी. तरीही तिच्यातला एक भाग इथे मांडल्याशिवाय राहवत नाही. अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले. त्यांनी हमालांना संघटित केलं तेव्हा समोर हाच प्रश्न होता, की यांचा मालक कोण? हमाल दिवसात दहा व्यापाऱ्यांच्या गोण्या उचलतो. एकही व्यापारी म्हणत नाही की हा माझा माणूस. टोळीवाला देईल ती मजुरी. पाठ मोडली तर गाव गाठायचं. असल्या माणसाला फंड कोण देणार, सुट्टी कोण देणार? वसंतराव नाईकांच्या सरकारने महाराष्ट्रात कायदा केला आणि त्याचं उत्तर दिलं. एक मालक सापडत नाही ना, मग माल ज्यांचा त्या सगळ्यांची नोंद करा, हमालांची नोंद करा, आणि मध्ये मंडळ बसवा. मजुरी आणि वर लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, मंडळाने हमालाला द्यायची. आज कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडींची घरं उभी आहेत, त्यांची मुलं इंजिनिअर झाली आहेत, ती या एका युक्तीवर.

माझी विनंती एवढीच, की मार्केटच्या फाटकापर्यंत आलेली ती युक्ती फाटकाबाहेरच्या वस्तीपर्यंत न्या. लसूण त्याच गाळ्यांतून निघतो. गोणी गाळ्यातून ट्रकमध्ये चढवणाऱ्या आबांची नोंद झाली, तीच गोणी फोडून पाकळी-पाकळी सोलणाऱ्या आईची झाली नाही. माल तोच, बाजार तोच आणि घरही एकच आहे.

हे नवीन काही मागते आहे असंही नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात, म्हणजे देश स्वतंत्र झाल्याच्या पुढच्याच वर्षी, घरी माल नेऊन तो साफ करणाऱ्या, धुणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसालाही कामगार म्हटलं होतं. ‘साफ करणाऱ्या’ हा शब्द वाचला तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबले. लसूण सोलणं म्हणजे आणखी काय असतं? विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया आल्या. सोलापुरात जाऊन पाहा. विडी कारखान्याच्या शाखेतून पानं-तंबाखू आणायची, घरी वळायची, मोजून द्यायची, हे काम आमच्या लसणासारखंच आहे. पण तिथल्या बाईला भविष्य निर्वाह निधी आहे, आणि मुलांना शाळेसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः तिथे आले होते. तिथे सगळं ठीक झालं असं मी म्हणत नाही. विडीचा तंबाखू छातीत जातो, आणि तिथल्याही पोरींनी आईशेजारी बसून पानं कापली आहेत. पण त्यांच्या आईचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे, त्यामुळे तिला दरासाठी भांडता येतं. माझी आई दादाशी भांडली की पुढच्या दिवशी गोणी शेजारी जायची. एका पावसाळ्यात पत्रा गळून अख्खी खेप भिजली, लसूण काळा पडला. त्याची भरपाई म्हणून तीन आठवडे आम्ही फुकट सोललं. ते कुठल्या वहीत आहे?

मी दहा वर्षांची होते त्याच वर्षी, १९९६ च्या जूनमध्ये, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरच्या कामगाराला कारखान्यातल्या कामगाराइतकंच वागवा, हा त्याचा गाभा. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पुढे २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरातून काम करणाऱ्यांची व्याख्या आली. २०२१ साली ई-श्रम कार्ड आलं, आईचं मीच काढून दिलं. कार्डावर तिचं नाव आहे. पण तिला लसूण देणाऱ्याचं नाव कशावरच नाही. एका बाजूचीच नोंद झाली तर ती नुसती यादी होते, साहेब. माथाडी मंडळात दोन्ही बाजूंची नावं आहेत, म्हणून तिथे पैसे हलतात.

तेव्हा सोलण्याचा दर सरकारने ठरवून द्यावा. तो तासाचा हिशेब करून ठरवावा, एका बाईच्या बोटांचा वेग धरून, आई आणि दोन मुलींच्या सहा हातांचा धरून नव्हे. दर तेवढा असला तर मुलींना बसवावंच लागणार नाही. माल घरी पाठवणाऱ्याने तो कुठे पाठवला हे लिहून द्यावं, आणि गोणीमागे थोडी लेव्ही मंडळात भरावी. लसणापासून सुरुवात करा, कारण बाजार एका जागी आहे आणि गाळे मोजलेले आहेत. मग राखी, इमिटेशनचे दागिने, कपड्यांचे धागे कापणं, जे जे या शहराच्या खोल्यांमधून चालतं, तिकडे जाता येईल.

काही लोक मला म्हणतात, तू कष्टातून शिकलीस, म्हणून आज उभी आहेस. त्यांचा हेतू चांगला असतो. पण मी सोलून जे शिकले ते मला शाळेच्या मैदानावरही शिकता आलं असतं. मी पाचवी ते आठवी कधी खो-खोला थांबले नाही, कारण चारला गोणी यायची. सायकलचे ते अर्धे-अर्धे तास मला प्रिय आहेत. ते आईने मला असेच द्यावेत, एवढी तिची मिळकत असायला हवी होती.

आबा आता नाहीत. आई माझ्याकडे कोपरखैरण्याला असते. मागच्या महिन्यात तिला घेऊन रेशनच्या दुकानात गेले. मशिनवर तिने उजवा अंगठा ठेवला, लागला नाही. पुसून ठेवला, लागला नाही. डावा ठेवला. दुकानदार सवयीने म्हणाला, ‘मावशी, रेषा राहिल्याच नाहीत तुमच्या.’ रांगेत मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी स्वतःचे अंगठे पदराला पुसायला सुरुवात केली. त्यांतली एक अजून तुर्भे स्टोअरलाच राहते. तिच्याबरोबर तिची नात होती, सहावीतली. पोरीच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

आपली,
तुर्भ्याची एक मुलगी